साडेआठची फेरी

आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य:
‘कांय ना.’
आई ते मिठासारखं वापरायची,
बाबा तीन-तीन दिवस त्यावर जेवायचे,
आणि मी भांड्यांच्या आवाजावरून ओळखायची
आज कोणाचं काय बिनसलंय.

तुमच्याकडे सगळं उलट.
तिथे आधी आवाज चढायचा, मग दार, मग मोटरसायकल.
तुझी माय हुमणावर ताट उपडं घालून बसायची.
किती वाजेपर्यंत, ते तिलाही ठाऊक नसायचं.

आणि त्या संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर
तू उंडे आणायला गेलास तेव्हा
मी तुझा फोन उघडला.
प्रिसिला, हे नाव तीनदा उजळलं होतं म्हणून.
तू आलास. पिशवी माझ्याकडे दिलीस. फोन घेतलास.

‘मला राग आलाय, दीक्षा.
आत्ता बोललो तर वाकडं बोलेन.
चोडणला जाऊन येतो. साडेआठच्या फेरीने परत.
तुला थांबायचं नसेल तर तसा मेसेज कर.’

घर पलीकडेच होतं आपलं.
तरी तू जाऊन परत येणार होतास.
वेळ सांगून रागावलेला माणूस
मी पहिल्यांदाच बघत होते.

मांडवी काळी होत गेली.
माशांची रिकामी टोपली घेऊन एक बाई
माझ्या शेजारी बसली, पेंगली, उठून गेली.
मी मनात एक अख्खा खटला चालवला,
वकील मी, साक्षीदार मी,
आणि आठ वाजता तो हरले.

साडेआठला रॅम्प खडखडत खाली आला.
आधी स्कूटर, मग एक टेम्पो, मग तू, सगळ्यात शेवटी.

‘फोन मी उघडला. चुकले.’
पुढचा ‘पण’ जिभेवर आला होता,
मी तो उंड्याच्या घासाबरोबर गिळला.
‘विचारायला हवं होतं.
आता विचारते. प्रिसिला कोण?’

‘ऑफिसातली. तिच्या घरी काहीतरी चाललंय.
ते तिचं आहे, माझं नाही.
तिला विचारतो, ती हो म्हणाली तर सांगतो.’

हे मला आवडलं नाही, रामनाथ.
आजही पूर्ण आवडत नाही.
तसं मी तोंडावर सांगितलं,
आणि तू म्हणालास, ‘ठीक. नको आवडू दे.
माझा फोनही मला अजून टोचतोय.’
एवढंच. कोणी कोणाला मिठी मारली नाही.
उरलेला उंडा आपण अर्धा-अर्धा खाल्ला,
थंड, चिवट.

मग दोघं मिळून फेरीत चढलो.
खलाशाने दोर सोडला.
कठड्याला टेकून तू विचारलंस, ‘कितें जालें?’

‘कां—’
मी म्हणायला लागले
आणि थांबले.
‘बरंच काही. चोडण येईपर्यंत संपायचं नाही.’

तू म्हणालास, ‘मग घरापर्यंत चालत जाऊ.’