इओसिन

नोव्हेंबरच्या एकविसाला ट्रॉम्सोचा सूर्य
डोंगरामागे जातो
आणि दोन महिने तोंड दाखवत नाही.
दुपारी बाराला जरासं निळं होतं,
कुणीतरी दौत विसळल्यासारखं.
मग पुन्हा रात्र.
पहाट असते ती माझ्याकडे,
चौथ्या मजल्यावर, वाफा ओढणाऱ्या पंख्याखाली,
अर्ध्या लिटरच्या बाटलीत.

ग्रीकांच्या उषेचं नाव या रंगाला.
रंग चढला की बाकीच्या पेशी फिकट गुलाबी होतात,
या मात्र पेटतात:
दोन भिंगांच्या चष्म्यासारखं केंद्रक
आणि अंगभर केशरी-लाल दाणे,
कॉडच्या गाभोळीसारखे गच्च.
एकतीस वर्षं मोजतेय.
उजवा हात भिंगावर, डाव्यात गणक,
टिक्, टिक्.

घशाच्या तुकड्यात एका नजरेच्या वर्तुळात पंधरा भरले
की डॉक्टर मान हलवतात.
म्हणजे ज्याच्या गळ्यात बटाटा अडकला
तो पोरगा घाईघाईने जेवत नव्हता,
आई उगाच ओरडली.

जंतांसाठी घडली ही जात.
अनवाणी, अर्धकच्चा मासा खाणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या
आतड्यांच्या वेशीवर उभी राहिली.
जंत गेले,
पहारा उठवायचं कुणाला सुचलं नाही.
आता दुधाचा थेंब आला, परागाचा कण आला,
की दाणे फुटतात.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि इथे संन्यासी म्हणजे
स्वतःचीच श्वासनळी.

आमच्याकडे काचेवर नाव नसतं. आकडा असतो.
शेवट ४१७.
पहिल्यांदा आला तेव्हा कफ होता,
त्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार स्फटिक,
पेशी मेल्यावर मागे उरतात ते.
खेकड्याच्या कारखान्यातला कुणी असेल, म्हटलं,
उकळत्या टाक्यांची वाफ नाकात घेणारा.
दोन वर्षांनी नाकातली मांसल गाठ,
सोललेल्या द्राक्षासारखी. ४१७.
मग पिंडरीतल्या शिरेचा तुकडा,
रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेला लाल जमाव.
मग हृदयातून चिमटलेला एक कण,
मोहरीहून लहान.
मी मोजत गेले. सुंदर दिसत होतं,
खोटं कशाला बोलू.

थोर्लेइफ माझा धाकटा भाऊ.
बोट्सफ्योरला खेकडे सोलायचा.
धाप लागते, म्हणायचा, सिगरेट सोडतो.
डावा पाय लोंबायला लागला तेव्हा
बर्फात घसरलो म्हणाला.
छातीत दुखलं तेव्हा वहिनीने फोन केला,
आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा आकडा
मला वाचून दाखवला.
नऊ वर्षं मी त्याला रंगवत होते.

स्टेरॉइडने त्याचा चेहरा चंद्रासारखा सुजला.
मग दर महिन्याला एक सुई आली:
त्या पेशींना बोलावणारा निरोप
वाटेतच अडवते.
जानेवारीत त्याच्या रक्ताची काच मीच मागून घेतली.
शंभर पेशी मोजल्या. दोनशे.
जांभळं, निळं, फिकं.
लाल एकही नाही.
खुर्चीत मागे टेकून बसले
आणि क्षणभर, देवा शपथ, चुकल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी एकविसावी तारीख.
सगळा मजला खिडकीशी धावला,
कुणीतरी जॅम भरलेले गोल पाव आणले होते,
सूर्य आला की खातात ते.
मला बोलावत होते.
गणक शून्यावर आणायचा राहिला होता,
तो आणला.

संध्याकाळी थोर्लेइफचा फोन.
पट्टी बांधून टेकडीवर गेला होता,
ढग होते, तरी चार मिनिटं दिसला, म्हणाला.
मग जरा थांबून:
डाव्या पायाला अजून कळलेलं नाही.