खुडूक

डॉक्टर नेसरीकर, दातांचे, गडहिंग्लजचे.
वेंगुर्ल्यात गाडी पार बंदरापर्यंत नेऊन परत फिरवली,
मग कुणाला तरी विचारलं, सगुण मेस्त्रींचं रेडिओचं दुकान कुठे.
मेस्त्री नाहीत आता. मी आहे, त्यांची मुलगी.
दुकानही अर्धंच;
पुढच्या अर्ध्यात भाचा मोबाईलच्या काचा बदलतो.

त्यांना तो हवा होता,
मागच्या पडवीत सोडणांच्या ढिगाआड ठेवलेला
टुरिंग टॉकीजचा पंधरा इंची.
तंबू विकला त्या साली मालकाने
तीन महिन्यांच्या पगाराऐवजी बाबांना दिलेला.
पेटी फणसाची, बाबांच्या हातची.
नवी असताना हळदीसारखी होती म्हणे,
मला आठवते ती तांबूसच,
खालच्या कडेला खाऱ्या हवेने फुगलेली.

डॉक्टर चांगल्या पँटीत जमिनीवर गुडघे टेकून बसले.
बॅटरी लावून कोनाच्या आत पाहिलं,
दाढेत पाहत असतील तसं.
दोन बोटांनी हलकेच दाबला, सोडला.
"घासत नाही," म्हणाले, स्वतःशीच.

घासत होता एके काळी.
कॉइलच्या फटीत गंज धरला होता.
बाबांनी माझ्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे कापला,
त्याच्या पट्ट्या फटीत उभ्या करून
कोन मधोमध आणला,
कडा काजूच्या डिंकाने बसवली,
आणि कागद फाटला होता तिथे पतंगाचा तुकडा.
जांभळा. अजून दिसतो.

विकताना खोट आधी सांगायची, ही घरची शिस्त,
म्हणून सांगितलं सगळं.
डॉक्टरांनी वही काढून लिहून घेतलं: काजूचा डिंक.

मग लावून दाखवला.
आमचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, पाच वॉटचा,
तापेपर्यंत एक चहा होतो.
तबकडी एकच बरी उरलेली, सारंगीची.
गज तारेला टेकण्याआधी
वाजवणाऱ्याने घेतलेला श्वास आला,
मग सूर.
भाच्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.
रस्त्यावरून फिलोमिन चालली होती बांगडे घेऊन,
पाटी न उतरवताच दारात थांबली:
"कोण इलो गो?"

डॉक्टर म्हणाले, घरी आहेत की माझ्याकडे,
परदेशी, उंच, काळे,
आलेख काढला तर सपाट रेघ.
"सगळं वाजवतात हो. पण..."
असली वाक्यं बाबा पुरी करायचे:
"नवो सगळा बोलता, तुझ्यावांगडा बोलना नाय."
मला काही एवढं पटत नाही.
बातम्या मी नव्यावरच ऐकते.
या कागदाला वरचा सूर झेपत नाही, खालचा जेमतेम;
माणसाचं बोलणं जिथे असतं
तेवढा मधला पट्टा मात्र तो सोडत नाही.
असेल तेवढंच.

पैसे ठरले. पेटी नको म्हणाले,
वाळवी असते जुन्या लाकडाला.
चुंबक आणि कोन गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर,
वर पट्टा लावून.
आंबोलीच्या वळणांवर बेतानं, म्हटलं.

पेटी राहिली, पंधरा इंचांच्या भोकासकट.
महिन्याभरात आमची तांबडी त्यातून आत शिरली
आणि खुडूक बसली, नऊ अंड्यांवर.

काल फोन आला.
नवी पेटी केली आहे, जाड प्लायवूडची, माप अचूक,
आत लोकर भरून.
"पण कोरडा वाजतोय. पोट नाही आवाजाला.
तुमच्याकडे होतं काहीतरी."
मी काय सांगणार?
फोन घेऊन पडवीत गेले, भोकाशी धरला.
आत तांबडी कुरकुरत होती,
आणि फणसाची फळी तिच्याखाली
हळूच दुसरा, जाडसर सूर धरत होती.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग: "पुन्हा एकदा ऐकवा."
मग: "ती पेटी कुणाला देऊ नका. मी उद्याच निघतो."

उद्या नको, म्हटलं.
बसून चारच दिवस झालेत तिला.
अजून सतरा दिवस थांबावं लागेल.