फाटकाचं माप

पडद्यांचं कापड मोजायची टेप घेऊन
डिंफना फाटकाशी वाकली.
"सात फूट नऊ इंच," ती म्हणाली,
"आणि डाव्या खांबाला पोट सुटलंय, तेवढं वजा कर."

हे खांब आजोबांनी रोवले तेव्हा
माप एकच होतं : घोडी, आणि तिच्यामागची गाडी,
दोन्ही बाजूंनी गवत दगडाला घासत जाईल इतपत.
आता मोहिलच्या दुकानात कॅहल
मला नव्वद घोडे दाखवतो एका झाकणाखाली.
आतली खुर्ची अशी, की डिंफना बसली ती उठेचना.
"गोल गठ्ठ्यांचा बेलर चालवायचा, तर
याच्या खाली उतरू नका, फिंटन,"
असं म्हणत तो बोटातली अंगठी फिरवत राहतो.

आमची जमीन बावीस एकर.
अर्धी टेकडी, पालथी घातलेली होडी जशी.
अर्धी खाली, जिथे लव्हाळा माजतो
आणि जूनमध्येही बुटाच्या ठशात पाणी चढतं.
लेट्रिमची जमीन गॅलनवर विकतात,
हा विनोद बाहेरचे करतात. आम्ही हसतो, कारण खरं आहे.

हलका घ्यावा, तर उतारावर
आठ गठ्ठ्यांची गाडी, अडीच टन, पाठीला टेकणार.
जड घ्यावा, तर खालचं कुरण
त्याला आधी घोट्यापर्यंत गिळणार, मग गुडघ्यापर्यंत,
आणि चाकांच्या दोन चरांत
मार्चपर्यंत आभाळ साचून राहणार.

पॅकी मुलवी कुंपणाच्या भिंतीला टेकून ऐकत होता.
त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही.
कोणत्या उतारावर, कोणत्या वर्षी,
ते गावाला ठाऊक आहे, तो बोलत नाही.
सिगारेट संपवली, टोपी सारखी केली :
"ओढायला काय, गाढवही ओढतं.
थांबवेल कोण, ते बघ."
आणि निघून गेला, आपल्या गाईंकडे.

रात्री मी म्हटलं, मग छोटे चौकोनी गठ्ठेच बांधू,
आहे तो जुना ट्रॅक्टर पुरेल.
डिंफनाने कपाटातून मग काढले.
नऊ. कान तुटलेला निळा धरून.
गवताच्या दिवसांत हे नऊही कुरणात जायचे,
बाटल्यांतला चहा मोज्यात गुंडाळलेला.
ओवेन पर्थला. केरिगनांच्या घराला कुलूप.
मोठी मावशी, तिचे दोघे,
आणि तो मुका मजूर, ज्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही.
तिने सात परत ठेवले.
दोन ओट्यावर राहिले.

कॅहलच्या छापील कागदावर
या हिशोबाला रकाना नाही.

शेवटी एका लिलावात मिळाला :
पासष्ट घोड्यांचा, अकरा वर्षं वापरलेला,
चारही चाकं ओढणारी, टायर रुंद,
नाकावर लटकवायला लोखंडी वजनं,
ती खाली जाताना काढायची, वर जाताना लावायची.
कमरेला महाग पडेल, पण चालेल.
टेकडीच्या कड्याकडची दीड एकर
मेंढ्यांना देऊन टाकली.
वडील असते तर त्या दिवशी जेवले नसते.

जुलैत रेडिओने तीन कोरडे दिवस कबूल केले,
दिले अडीच.
पहिल्या दिवशी फाटकातून आत घेताना
मी आरसे मिटले, श्वास रोखला.
डिंफना पुढे उलटी चालत होती,
दोन्ही तळहात समोर, लहान मुलाला चालायला शिकवतात तशी.
ये. ये. जरा उजवीकडे. ये.

आत आलो.
मागे वळून पाहिलं, तर ती खांबाच्या पोटाशी उभी,
दगडावर उमटलेली लाल रेघ
ओल्या बोटाने पुसून पाहत.
पुसली जात नव्हती.
"राहू दे," ती म्हणाली,
आणि बोट एप्रनला पुसलं.