उजवीकडची पाखरं

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला.
एक रेघ, डावीकडून बरी चाललेली,
मग घसरत घसरत खाली,
ऐरोलीच्या खाडीचा काठ ओहोटीला उतरतो तशी.
"रोजच्या बोलण्याला अडचण नाही," म्हणाल्या,
"फोन, टीव्ही, घरातली माणसं, सगळं डावीकडे.
उजवीकडे तसं महत्त्वाचं काही नसतं."

उजवीकडे करडा धोबी असतो, बाई.
गणपती गेले की डोंगर उतरून
सेक्टर आठच्या नाल्यावर येणारा.
उजवीकडे तीरचिमणी,
रात्री टॉवरच्या दिव्यांवरून जाताना
एकच बारीक 'त्सीऽ' सोडून जाणारी.

एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत माझ्या,
टेलिफोन खात्याच्या उरलेल्या डायऱ्यांत:
तारीख, वारा, भरती, आणि पुढे एक शब्द,
दिसला
किंवा ऐकला.
गेल्या दोन आश्विनांत 'ऐकला' विरळ होत गेलं.
मला वाटलं, पाखरंच कमी झाली.
तिवर तोडले, भराव टाकले,
मी वनखात्याला पत्रंही लिहिली, तावातावाने.
आता त्यातलं पाखरांचं किती
आणि माझ्या कानाचं किती,
हिशेब लागत नाही.

दिव्याच्या जेट्टीवर हर्षाली बसते,
मोरेश्वर तांडेलाची, सहावीतली,
दिवाळीच्या सुट्टीत बापाची जाळी राखत.
तिला म्हटलं, वाजलं की माझ्या मनगटावर टिचकी मार.
"काय वाजला की?"
काहीही. बारीक.
पहिल्या दिवशी सतरा टिचक्या:
पंपाचा पट्टा, कुणाच्या सायकलीचा ब्रेक,
हायटेन्शनच्या तारांची गुणगुण,
तिची स्वतःची चप्पल.
मग ती थांबली. मान नाल्याच्या तोंडाकडे.
एक टिचकी.
जरा वेळाने दोन.
"यो येगला हाय, काका."

कसा?

"बरनीचा झाकन फिरवताना करतो ना, तसा.
पन बरनी लय लांब,
आनि हात घाईत."

मी दुर्बीण लावली.
चिखलावर, थर्माकोलच्या तुकड्याशेजारी,
शेपूट वरखाली, वरखाली,
पोटाखाली लिंबाच्या सालीचं पिवळं.
चोच उघडली. मिटली.
माझ्यापर्यंत नुसतं उघडणं आणि मिटणं पोचलं.
आवाज तिच्याकडे गेला,
तिथून माझ्या मनगटावर आला.
एवढासा वळसा.
बर्फाच्या कडेवरून इथवर आलेल्याला
एवढ्या वळशाचं काय.

डायरी काढली. एकोणीस ऑक्टोबर,
मतलई वारा, ओहोटी निम्म्यावर.
करडा धोबी, एक.
पुढे सवयीने 'ऐकला' लिहिलं,
थांबलो,
मधल्या फटीत एक 'व' कोंबला.

हर्षालीने वाकून वाचलं. ऐकवला.
"कुनी?" म्हणाली. "नाव नको लिवायला?"

लिहितोय. लिहितोय,
तोवर मनगटावर
पुन्हा तीन.