तेवीस किलो

निघायच्या दुपारी अंबादासनं माझी बॅग खांद्यावर मारली
आणि गल्लीपलीकडच्या कारखान्यात नेली,
सुताच्या काट्यावर.
माग चालू होते, कुणी थांबवले नाहीत.
त्या खडखडाटात सगळे बोटांनीच बोलतात.
त्यानं आधी दोन बोटं दाखवली, मग पाच.

म्हणजे दोन किलो काढायचे.
वदिनेनं चादर काढली, मी परत घातली.
मी शेंगाचटणी काढली, तिनं परत घातली,
आणि कडक भाकरीच्या चवडीला
तर हात लावायची सोयच नव्हती.
नाना पायरीवर बसून बघत होते.
चौतीस वर्षं याच काट्यावर
टॉवेलांचे गठ्ठे टाकलेला माणूस.
शेवटी म्हणाले, पुस्तकं काढ की,
तिकडं काय मिळत नाहीत होय?
मराठी पुस्तकं तिकडं मिळत नाहीत.
मी काढली.

'इरवै मूडू!' अंबादास ओरडला.
तेवीस. कांडी भरणारी बाई
मान न वळवता हसली.
तिच्या केसांत, भुवयांत, सगळीकडे
कापसाचा भुरा बसलेला,
जणू ती एकटीच कुठल्यातरी थंड देशातून आलेली.

रात्रीच्या सिद्धेश्वरला नाना सोडायला आले,
आणि गाडी हलेपर्यंत
हर्षिताला बाटलीचं झाकण नीट लावायला शिकवत राहिले.
बाकी काही बोलले नाहीत.

विमानतळावर लाल आकडे उमटले: २३.४.
'चालेल,' काउंटरवरची मुलगी म्हणाली,
हँडलला पट्टी चिकटवली,
बॅग रबरी पडद्याआड गेली.

चारशे ग्रॅम.
नऊ तास माझ्या मांडीवर तेवढंच वजन होतं.
खाली वाळवंट असेल, समुद्र असेल.
मी तेवीस किलोंत एक गठ्ठा बांधत होते, दिवसाचे गठ्ठे,
आठवड्याचे, दिवाळीच्या आधीचे जास्तीचे,
आणि प्रत्येकामागे चारशे ग्रॅम
जे कुणी मोजलेच नाहीत.
आईचा चष्मा एक वर्ष लांबला होता.
माझी सहल गेली होती विजापूरला, माझ्याशिवाय.
फोनमध्ये कॅल्क्युलेटर होता.
उघडला नाही.

रॉटरडॅमला दार ढकललं तर अर्धंच उघडलं,
मागे तीन आठवड्यांचं टपाल.
तुळस गेली होती. पुदिना जिवंत होता, कसा कोण जाणे.
आमच्या घरालाही एक वास आहे,
ओल्या लाकडाचा, थोडा साबणाचा.
इथे राहताना तो येत नाही, परतल्यावरच येतो,
आणि हर्षिता बूट न काढता
सगळ्या खोल्यांमधून धावत
प्रत्येक दिवा लावत सुटली.

फोन केला. म्हटलं, नाना,
तो काटा कमी दाखवतो. तुम्हाला माहीत होतं?
पलीकडे माग वाजत होते.
थोड्या वेळानं म्हणाले,
सूतबी त्याच काट्यावर घ्यायचो की.
घेताना जास्त यायचं, देताना कमी दिसायचं.
फिटलं.

फिटलं नाही.
सुताचा काटा वेगळा होता, भिंतीकडचा, हिरवा.
मी सात वर्षांची असताना त्यावर उभी राहिले होते
आणि मालकानं हाकललं होतं.
नंतर कधीतरी तो गेला, एकच उरला.
आज त्याला सगळे सुताचा काटा म्हणतात.
हे मी बोलले नाही. त्यांनाही आठवत असणार.

मग त्यांनी विचारलं,
घरी पोचला ना नीट?

अकरा वर्षं ते 'तिकडं' म्हणत आले.
तिकडं पाऊस आहे का, तिकडं किती वाजले.
आज घरी म्हणाले,
आणि माझं 'हो' निघायला
जरा उशीर लागला.

रात्री तीनला हर्षिता उठून बसली.
तिच्या पोटात सोलापूरचे साडेसात वाजले होते.
अंधारात बॅग उघडली,
कडक भाकरीचा तुकडा तिला, एक मला, मध्ये चटणी.
इमारत इतकी शांत
की आमचं चावणं खालच्या म्हातारीला ऐकू जाईल,
म्हणून आम्ही हळू चावत होतो,
एकमेकींकडे बघत,
आणि तरी आवाज येतच होता.