डागांचा हिशेब

सप्टेंबर सरत आला की
स्टेडियमच्या पोटातल्या या लाँड्रीत
मला स्कोअरबोर्ड बघावा लागत नाही.

सव्वीस पँटी, रोज रात्री साडेअकराला.
गुडघ्यावर तांबडी माती, मांडीवर गवताचा ओरखडा,
म्हणजे कुणीतरी दुसऱ्या बेसकडे अंग झोकून दिलंय.
जुलैत तर मशीनच्या तळाशी
बोटभर गाळ साचायचा.
तो मी बादलीत भरून डेल्बर्टला नेऊन द्यायचे,
मैदान त्याच्या ताब्यात.
"घे बाबा, तुझी जमीन परत."

आता अकरांत नऊ हरलो.
प्लेऑफची जागा ऑगस्टातच पक्की झालेली,
आणि कपडे असे येतात
जसे नुकतीच घडी मोडून पाहुणे जेवायला गेले होते
आणि न जेवता परतले.

लॅमाँट पेटिग्रूच्या सलूनमध्ये दोन तट पडलेत.
एक म्हणतो, उताराला लागलेला ट्रक
मंगळवारी सकाळी चढ कसा चढेल?
दुसरा म्हणतो, मंगळवारी पाटी कोरी,
शून्याला काय मागचं पुढचं?
लॅमाँट वस्तरा हवेत धरून त्याची ती जुनी गोष्ट सांगतो:
सलग तेरा जिंकून गेलेला संघ
तीन दिवसांत बॅगा घेऊन घरी.
मग ज्याच्या गालाला साबण लागलाय तो विचारतो,
"म्हणजे हरत जावं म्हणतोस?"
आणि लॅमाँटला उत्तर सुचत नाही,
तो हनुवटीकडे वळतो.

रेडिओवरचा माणूस रोज आकडे आणतो.
शेवटचे तीस सामने, डावखुऱ्या पिचरसमोरची सरासरी.
आकडे बिचारे भाडोत्री साक्षीदार,
ज्यानं बोलावलं त्याच्या बाजूनं बोलतात.

मला बेसबॉलमधलं कळतं ते मातीपुरतं.
पण शांततेबद्दल थोडं ठाऊक आहे.

कॅसिमिरच्या वेळी कळा सुरू होऊन थांबल्या.
दोन दिवस पोट गप्प.
एरी सरोवरावर फेब्रुवारीचा बर्फ,
मी खिडकीशी बसून संत्री सोलत होते.
तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत तो बाहेर,
रडणं असं की नर्सनं दार लावून घेतलं.

त्याच्या आधीच्या खेपेलाही
पोट असंच गप्प झालं होतं.

दोन्ही वेळी शांतता सारखीच होती.
अगदी सारखी.
मी तिला कान लावून लावून ऐकलं,
तिनं काही सांगितलं नाही.

म्हणून कुणी विचारलं, "बर्नाडीन, तुला काय वाटतं?"
तर मी म्हणते, साबण संपत आलाय.

काल शेवटचा साखळी सामना. हरलोच, सात-एक.
पंचवीस पँटी पांढऱ्या शुभ्र.
सव्विसावी रेनोसोची, राखीव कॅचर,
जो अख्खा सामना बाकावर
सूर्यफुलाच्या बिया चावत बसला होता.
तिच्या दोन्ही गुडघ्यांवर माती,
ओली, आत मुरलेली.

दिवे मालवल्यावर एकटाच सराव करत होता?
की कुठल्या कोपऱ्यात गुडघे टेकून
आईच्या देवाशी बोलत होता?
माती दोन्हीला तशीच लागते.

गार पाण्यात भिजवली, ब्रशनं घासली.
डाग गेला, पण पूर्ण नाही,
उजव्या गुडघ्यावर गंजासारखी एक सावली राहिली.
नियम असा की पुन्हा टाकायची.

रात्रीचे दोन वाजले होते.
मी ती तशीच वाळत घातली
आणि त्याच्या नंबराच्या खुंटीखाली
जरा जागा मोकळी केली.