डावीकडे वळताना

पहिल्यांदा लागला तेव्हा मी रेडिओ बंद केला,
जणू शांतता असली की दिवा नीट ऐकू येईल.
पिवळा. नखाएवढा. इंजिनाच्या आकाराचा.
तीन दिवस होता,
चौथ्या दिवशी काही न बोलता गेला.

गाडी दोन हजार एकची ब्युइक,
एक लाख एकोणनव्वद हजार मैल चाललेली,
बर्फातल्या मिठानं दारांच्या कडा खाल्लेली.
आधीची मालकीण ग्लॅडिस नोव्हॉटनी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.
तिच्या मुलानं किल्ली देताना एवढंच म्हटलं,
आई हळू चालवायची.

लेनी कच्मारेकच्या गॅरेजात गेले की दिवा नसायचा.
वैद्याच्या दारात दुखणं पळतं, तसं.
त्यानं स्कॅनर लावला, जुना एक कोड निघाला,
ऑक्सिजन सेन्सर बदलला. एकशे चाळीस डॉलर.
नवव्या दिवशी, तळ्यावरून बोचरा वारा येत असताना,
पीच स्ट्रीटच्या सिग्नलला तो पुन्हा हजर.

लेनी हात पुसत म्हणाला, कोड मला मिळतो गं,
सवय मिळत नाही. ती तू लिहून आण.

मला हसू आलं. हॉस्पिटलात मी दिवसभर हेच सांगते:
छातीवर पाच तारा चिकटवते, कमरेला यंत्र बांधते,
आणि म्हणते, धडधडलं की वेळ लिहा,
तेव्हा काय करत होता तेही लिहा.
लोक लिहून आणतात: जिना. कॉफी. भावाचा फोन.

मग मीही. दार उघडल्यावर हाताला लागेल अशी वही:

सोमवार, सहा दहा, उणे चार, टाकी अर्धी. लागला.
मंगळवार. नाही.
बुधवार, पाऊस आणि बर्फ एकत्र. नाही. (आश्चर्य.)
शुक्रवार, मुलीला ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेताना. लागला.
ती म्हणाली, आई, तू गाडीशी बोलतेस.
रविवार. नाही. दुपारभर कोणाशीच बोलले नाही.

तीन आठवड्यांनी वही उलटी वाचली, शेवटून,
आणि दिसलं: पेट्रोल नव्हे, थंडी नव्हे.
डावीकडे.
थांब्यावरून निघून डावीकडे वळलं की.
मग महिनाभर मी डावं वळण टाळलं.
एका डाव्यासाठी तीन उजवी,
सगळं ईरी शहर मागच्या बाजूनं पाहिलं,
कचऱ्याचे डबे, कोणाचं तरी उलटं ठेवलेलं कनू,
आणि दिवा एकदाही लागला नाही,
ज्याला बरं होणं म्हणता येत नाही.

लेनीनं वही उभ्यानंच वाचली.
म्हणाला, बस आत. ब्रेक घट्ट दाब. गिअर टाक. आता थोडा गॅस दे.
बॉनेट उघडं, त्याचं डोकं आत,
आणि मला काचेतून दिसलं नाही पण जाणवलं,
इंजिन एका खांद्यावर उचललं गेलं,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं.
दिवा लागला.
हा बघ, तो ओरडला, आनंदानं, जणू नातू चालला.

इंजिन माउंटिंगचं रबर फाटलेलं. बस्स.
इंजिन कलायचं, सेन्सरची तार ताणून
गरम पत्र्याला घासायची,
आणि तिथं आवरणाखालून
केसभर तांबं उघडं पडलं होतं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी;
दोन सेन्सर आणि एक हिवाळा आम्ही सोमेश्वरी ओतला.
(दुसऱ्या सेन्सरचं मी वर सांगितलं नाही. लाज वाटली.)

बासष्ट डॉलरचं माउंटिंग, बोटभर काळी पट्टी.
पट्टी गुंडाळताना लेनीनं डॅशबोर्डकडे बोट केलं:
दिव्याच्या काचेवर चौकोनी चिकट डाग,
मी वर्षभर धूळ समजून पुसत होते तो.
ग्लॅडिसनंही पट्टीच लावली होती. दुसऱ्या जागी.
ऑर्गन वाजवणारी बाई, तिला नक्की ऐकू येत असणार.

आता डावीकडे वळते.
वळताना नजर अजून तिथंच जाते.
सकाळी किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात,
तेल, बॅटरी, पट्टा, तोही.
इंजिन धरतं. एकेक विझत जातो.
तो जरा मागे राहतो,
मी दार ओढून घेते, वही सीटखाली सरकते.